डब्ल्यूएनबीएचा ड्राफ्ट: नव्या खेळाडू संघात येतात तरी कशा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्कचे व्हिडिओ फोनवर फिरू लागल्यापासून डब्ल्यूएनबीए या अमेरिकेतल्या महिलांच्या बास्केटबॉल लीगबद्दल मराठी वाचकही विचारू लागले आहेत. सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते ड्राफ्टबद्दल. आपल्याला लिलावाची सवय, त्यामुळे हा प्रकार आधी कोड्यात टाकतो. वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. वयाचे नियम आणि पगाराचे आकडे २०२० च्या खेळाडू-लीग करारातले आहेत. २०२५ चा ड्राफ्टही त्याच करारानुसार झाला.

ड्राफ्ट म्हणजे नेमकं काय? आपल्या लिलावासारखंच ना?

नाही, आणि हा फरक कळला की बाकीचं सोपं होतं. लिलावात खेळाडूची किंमत ठरते. १३ फेब्रुवारी २०२३ ला मुंबईत महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव झाला. सांगलीच्या स्मृती मानधनासाठी संघ एकमेकांवर बोली चढवत गेले आणि बंगळुरूने तिला ३ कोटी ४० लाखांना घेतलं. ज्याची थैली मोठी आणि तयारी जास्त, त्याच्याकडे खेळाडू.

ड्राफ्टमध्ये बोलीच नसते. संघांचा क्रम आधीच ठरलेला असतो. पहिल्या क्रमांकाचा संघ उपलब्ध मुलींमधून एकीचं नाव घेतो, मग दुसरा, मग तिसरा. शाळेच्या मैदानावर दोन कॅप्टन आळीपाळीने गडी मागायचे, तसंच काहीसं. खेळाडूचा पगार तिचं नाव कितव्या क्रमांकावर पुकारलं गेलं यावरून ठरतो, आणि तो तक्ता करारात आधीच छापलेला असतो.

आणखी एक: ड्राफ्ट फक्त लीगमध्ये पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी असतो. आधीपासून खेळणाऱ्या खेळाडूंचे करार आणि अदलाबदली वेगळ्या चालतात.

मग खेळाडूला आपलं शहर निवडता येत नाही?

येत नाही. ज्या संघाने नाव घेतलं, तिच्याशी करार करण्याचा हक्क फक्त त्या संघाचा. तिला दुसऱ्या संघाशी बोलता येत नाही. तिथे जायचंच नसेल तर परदेशी लीगमध्ये खेळायचं किंवा थांबायचं, एवढाच पर्याय.

मुलीवर हा अन्यायच आहे, असं मला वाटतं. चार वर्षं घाम गाळून देशातली उत्तम खेळाडू ठरायचं आणि राहायचं कुठे हे दुसऱ्यांनी ठरवायचं. पण दुसरी बाजूही खरी आहे. निवड मोकळी ठेवली असती तर सगळ्या गुणी मुली न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसला गेल्या असत्या, आणि लहान शहरांतले संघ टिकले नसते. ज्या लीगमध्ये संघ बंद पडण्याचा इतिहास आहे, तिथे ही भीती पोकळ नाही.

कोण पात्र असतं? वयाची अट काय?

अमेरिकेत शिकणाऱ्या मुलीसाठी मुख्य अट अशी: ड्राफ्टच्या कॅलेंडर वर्षात तिला २२ वर्षं पूर्ण व्हायला हवीत, आणि कॉलेजकडून खेळण्याची तिची मुदत संपलेली असावी किंवा उरलेली मुदत तिने लेखी सोडलेली असावी. चार वर्षांची पदवी मिळाली असेल किंवा ड्राफ्टनंतर तीन महिन्यांत मिळणार असेल, तरी ती पात्र ठरते.

अमेरिकन कॉलेजात न शिकलेल्या परदेशी मुलींना ही अट २० वर्षांची आहे. त्या वर्षात कधीही वीस पूर्ण झाली तरी चालतं. २०२५ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेली फ्रान्सची डोमिनिक मलोंगा ड्राफ्टच्या रात्री १९ वर्षांची होती. तिचा वाढदिवस नोव्हेंबरमधला.

पुरुषांना एनबीएत, म्हणजे त्यांच्या लीगमध्ये, १९ व्या वर्षी घेतात. मुलींना बावीसपर्यंत का थांबवतात?

लीगला तयार आणि लोकांना आधीच माहीत असलेल्या खेळाडू मिळतात, हे माझ्या मते मुख्य कारण. चार वर्षं कॉलेज तिला घडवतं, टीव्हीवर तिचं नाव होतं, आणि मग ती चाहत्यांसकट लीगमध्ये येते. क्लार्क आयोवा विद्यापीठाकडून ३,९५१ गुण करून आली. तिला ओळख करून देण्याची गरजच नव्हती.

हल्ली मुलींनाही कॉलेज सोडायची घाई नसते. जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घेता येतात. पेज ब्यूकर्स २०२४ मध्येच ड्राफ्टला येऊ शकत होती, पण तिने आणखी एक वर्ष कनेटिकट विद्यापीठात राहायचं ठरवलं. ६ एप्रिल २०२५ ला ती राष्ट्रीय विजेतेपद जिंकली, १४ एप्रिलला डॅलस विंग्जने तिचं नाव पहिलं पुकारलं आणि १६ मेला लीगचा हंगाम सुरू झाला. कॉलेजच्या शेवटच्या सामन्यापासून व्यावसायिक हंगामापर्यंत अवघे चाळीस दिवस. एनबीएत जूनमध्ये निवडलेल्या मुलाला ऑक्टोबरपर्यंत श्वास घ्यायला वेळ असतो. या मुलींना तो मिळत नाही.

पहिला क्रमांक कोणाला मिळतो?

लॉटरीने. २०२५ च्या ड्राफ्टपर्यंत १२ संघांपैकी ८ बाद फेरीत जायचे. उरलेले ४ लॉटरीत. त्यांची सलग दोन हंगामांची कामगिरी एकत्र धरली जाते. जितकी कामगिरी वाईट, तितकी पहिल्या क्रमांकाची शक्यता जास्त.

एका यंत्रात १ ते १४ आकड्यांचे टेबल टेनिससारखे चेंडू फिरवतात आणि त्यातून ४ काढतात. १४ मधून ४ निवडण्याचे १,००१ प्रकार होतात. त्यातला एक बाद करून उरलेले १,००० प्रकार संघांत आधीच वाटलेले असतात. २०२५ च्या ड्राफ्टपर्यंत वाटणी अशी होती: सगळ्यात वाईट संघाला ४४२, पुढच्यांना २७६, १७८ आणि १०४. दोन संघ बरोबरीत असले तर त्यांचे वाटे जोडून निम्मे करतात. ज्याचा प्रकार निघाला त्याला पहिला क्रमांक. पुन्हा चेंडू काढून दुसरा. तिसरा आणि चौथा कामगिरीच्या उलट्या क्रमाने दिला जायचा, म्हणून सगळ्यात तळाचा संघ तिसऱ्याच्या खाली जाऊ शकत नसे. बाद फेरीत गेलेल्या संघांचा क्रमही उलटा लागतो: साखळीत ज्याने सर्वाधिक सामने जिंकले तो शेवटी.

म्हणजे सगळ्यात वाईट संघालाही पहिला क्रमांक न मिळण्याचीच शक्यता अर्ध्याहून जास्त. २०२४ च्या हंगामात लॉस एंजेलिस स्पार्क्स ४० पैकी ३२ सामने हरले, सर्वाधिक संधी त्यांचीच होती, पण चेंडू डॅलसच्या बाजूने पडले.

लॉटरी हुकली की संघ बुडालाच का?

या प्रश्नावर मला २०१३ ची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या वर्षी तीन मुलींची नावं सगळ्यांच्या तोंडी होती: ब्रिटनी ग्राइनर, एलेना डेला डॉन आणि स्कायलर डिगिन्स. वॉशिंग्टन मिस्टिक्स आदल्या हंगामात ३४ पैकी फक्त ५ सामने जिंकून तळाला होते. तेव्हा तळाच्या संघाला तिसऱ्या क्रमांकाची हमी नव्हती, आणि लॉटरीत त्यांना आला चौथा क्रमांक! तीन तारका, आणि वाट्याला चौथी निवड. ग्राइनर फिनिक्सला, डेला डॉन शिकागोला, डिगिन्स टल्साला गेली.

पण त्याच ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत, एकोणिसाव्या क्रमांकावर, वॉशिंग्टनने एमा मेसमन नावाची बेल्जियमची मुलगी घेतली. फारसा गाजावाजा झाला नाही. पुढे २०१७ मध्ये अदलाबदलीत डेला डॉनही वॉशिंग्टनला आली. २०१९ मध्ये मिस्टिक्सनी त्यांचं पहिलं विजेतेपद जिंकलं. हंगामातली सर्वोत्तम खेळाडू डेला डॉन, आणि अंतिम मालिकेतली सर्वोत्तम खेळाडू? तीच एकोणिसाव्या क्रमांकाची मेसमन.

चांगला क्रमांक मिळावा म्हणून संघ मुद्दाम हरत नाहीत का?

मोह असतोच. दोन हंगामांची बेरीज त्यासाठीच आहे. एका वर्षी हातपाय गाळून फारसं साधत नाही, आणि दोन वर्षं सलग हरायला प्रेक्षकही धीर धरत नाहीत. तरी नशीब साथ देतं तेव्हा चित्र पालटतं, हे खरं. सॅन अँटोनियोचा संघ २०१८ मध्ये लास वेगसला गेला आणि एसेस झाला. या संघाला २०१७, २०१८ आणि २०१९ असा सलग तीनदा पहिला क्रमांक मिळाला: केल्सी प्लम, एजा विल्सन, जॅकी यंग. या तिघींच्या जोरावर २०२२ आणि २०२३ ची विजेतेपदं आली. इंडियाना फीव्हरलाही २०२३ मध्ये अलिया बॉस्टन आणि २०२४ मध्ये क्लार्क अशा लागोपाठ दोघी मिळाल्या.

किती फेऱ्या, किती मुली?

तीन फेऱ्या. १२ संघ असताना ३६ नावं. २०२५ मध्ये गोल्डन स्टेट व्हॅल्किरीज हा तेरावा संघ आला, म्हणजे ३९ व्हायला हवी होती, पण निघाली ३८. नियमभंगाच्या शिक्षेत लीगने लास वेगसची पहिल्या फेरीतली निवड काढून घेतली होती.

क्रमांकाची देवघेव चालते का?

चालते, आणि खूप चालते. क्रमांक हे एक चलनच आहे. स्पार्क्सनी २०२५ चा दुसरा क्रमांक असाच दिला. तीन संघांच्या एका व्यवहारात केल्सी प्लम लॉस एंजेलिसला आली, जुवेल लॉइड लास वेगसला गेली आणि दुसरा क्रमांक सिएटलला मिळाला. त्यावर सिएटलने मलोंगाला घेतलं. गंमत अशी की लॉइड (२०१५) आणि प्लम (२०१७) या दोघीही आपापल्या वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या. संघ पुढच्या वर्षांचे क्रमांकही आधीच देऊन टाकतात, त्यामुळे एखादा संघ हरत असला तरी त्याच्या हरण्याचं फळ भलत्याच संघाला मिळू शकतं.

पगार किती?

२०२४ चा तक्ता असा: पहिल्या ४ क्रमांकांना पहिल्या वर्षी ७६,५३५ डॉलर, ५ ते ८ ला ७३,४३९, ९ ते १२ ला ७०,३४४, दुसऱ्या फेरीला ६७,२४९ आणि तिसऱ्या फेरीला ६४,१५४. करार तीन वर्षांचा, चौथं वर्ष ठेवायचं की नाही हे संघाच्या हाती. क्लार्कची चार वर्षांची बेरीज ३,३८,०५६ डॉलर होते.

आपल्या पैशांत पहिलं वर्ष साधारण ६४ लाख रुपये. मानधनाच्या ३ कोटी ४० लाखांशेजारी हा आकडा ठेवून बघा, आणि महिला प्रीमियर लीगचा हंगाम महिन्याभरात संपतो हेही लक्षात घ्या. एनबीएच्या २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला आलेला व्हिक्टर वेम्बान्यामा पहिल्याच वर्षी सुमारे १ कोटी २० लाख डॉलरला करारबद्ध झाला होता. पुरुषांची लीग जुनी आहे, तिचं उत्पन्न कितीतरी मोठं आहे, हे मान्य. तरीही प्रेक्षक आणि टीव्हीचे पैसे वाढत असताना मुलींचा वाटा तेवढा वाढला नाही, ही खेळाडूंची तक्रार मला पूर्ण पटते. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्या संघटनेने तो करार मुदतीआधी संपवायचा निर्णय घेतला. २०२५ च्या ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या, सामन्याआधी सगळ्या जणी ‘आमचं देणं आम्हाला द्या’ अशा अर्थाचे टी-शर्ट घालून मैदानात उतरल्या.

जाहिरातींचे पैसे वेगळे, आणि क्लार्कसारखीला ते पगाराच्या कितीतरी पट मिळतात. पण तिसऱ्या फेरीतल्या मुलीच्या दारात कुठलीही बुटांची कंपनी उभी नसते.

नाव पुकारलं म्हणजे संघात जागा पक्की ना?

नाही. ड्राफ्टबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज हाच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ड्राफ्टमुळे संघाला हक्क मिळतो, मुलीला नोकरी मिळत नाही. तिला सराव शिबिरात यायची संधी मिळते, एवढंच. त्या करारात प्रत्येक संघात जास्तीत जास्त १२ जागा होत्या. २०२४ मध्ये १२ संघ होते, म्हणजे सगळ्या लीगमध्ये मिळून १४४ खुर्च्या. त्यातही एकूण पगाराची मर्यादा इतकी घट्ट की कित्येक संघ ११ खेळाडूंवरच हंगाम काढायचे. अमेरिकेत कॉलेजच्या वरच्या श्रेणीतच साडेतीनशेहून जास्त महिला संघ आहेत. त्यांतून तेव्हा दरवर्षी छत्तीसेक जणींची नावं निघायची, आणि शिबिरात त्यांची गाठ पडते ती दहा-दहा वर्षं खेळलेल्या बायकांशी. नव्या मुलीचा पगार हमीचा नसतो, त्यामुळे तिला काढणं संघाला सोपं जातं.

एप्रिलमध्ये नारंगी गालिचावर फोटो, आईवडिलांच्या डोळ्यांत पाणी, आणि मेच्या मध्यात सामान भरून परत. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतल्या अनेकींचं दरवर्षी हेच होतं, पहिल्या फेरीतल्यांचंही कधी कधी होतं. यात त्यांचा खेळ कमी पडतोच असं नाही. कधी संघाला उंच खेळाडू हवी असते आणि ही गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारी, असते. कधी नुसती जागाच नसते.

पण काढून टाकलेली परत येऊ शकते. अलिशा क्लार्कला २०१० मध्ये सॅन अँटोनियोने सतराव्या क्रमांकावर घेतलं आणि हंगामाआधीच सोडलं. ती परदेशात खेळत राहिली, २०१२ मध्ये सिएटलमध्ये जागा मिळवली आणि पुढे सिएटलकडून दोन आणि लास वेगसकडून एक अशी तीन विजेतेपदं तिच्या नावावर लागली.

जिचं नावच निघालं नाही, तिचं काय?

ती मोकळी असते. कोणत्याही संघाशी बोलू शकते, शिबिराचं बोलावणं घेऊ शकते. शेवटच्या क्रमांकावर निवडलं जाण्यापेक्षा काहींना हेच बरं वाटतं, कारण जिथे जागा आहे तिथे जाता येतं.

बेकी हॅमनचं नाव १९९९ मध्ये कोणीच घेतलं नाही. त्या वर्षी प्रतिस्पर्धी लीग नुकतीच बंद पडली होती आणि तिथल्या अनुभवी खेळाडूही ड्राफ्टमध्ये उतरल्या होत्या. नवख्यांना जागा उरली नव्हती. हॅमनने न्यूयॉर्क लिबर्टीत शिबिरातून जागा मिळवली, सहा वेळा ऑल-स्टार झाली, २०२३ मध्ये बास्केटबॉलमधल्या महान खेळाडूंच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेली, आणि प्रशिक्षक म्हणून लास वेगसला २०२२, २०२३ आणि २०२५ अशी तीन विजेतेपदं मिळवून दिली. एरिका व्हीलरलाही २०१३ मध्ये कोणी निवडलं नाही. २०१९ च्या ऑल-स्टार सामन्यात सर्वोत्तम खेळाडू तीच ठरली.

परदेशी खेळाडू पहिल्या आल्या आहेत का?

हो. १९९८ मध्ये पोलंडची मार्गो डायडेक पहिली आली, उंची ७ फूट २ इंच. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाची लॉरेन जॅक्सन. निवडलेली परदेशी मुलगी लगेच अमेरिकेत येतेच असं नाही. २०२५ मध्ये व्हॅल्किरीजनी पाचव्या क्रमांकावर घेतलेली लिथुआनियाची युस्ते योसिते त्या हंगामात आलीच नाही. हक्क संघाकडे राहतो, संघ वाट बघतो.

पहिला ड्राफ्ट कधी झाला?

१९९७ मध्ये, आठ संघांसाठी. आधी मोठी नावं लीगनेच संघांना वाटून दिली, मग परदेशात खेळणाऱ्या अनुभवी खेळाडूंचा वेगळा ड्राफ्ट, आणि एप्रिलमध्ये नेहमीचा. त्यात पहिली आली टीना थॉम्पसन, ह्यूस्टन कॉमेट्सकडे. कॉमेट्सनी पहिली चारही विजेतेपदं जिंकली.

नवा संघ आला किंवा जुना बंद पडला तर?

नव्या संघासाठी विस्तार ड्राफ्ट होतो. डिसेंबर २०२४ मध्ये व्हॅल्किरीजसाठी झाला तेव्हा प्रत्येक जुन्या संघाला ६ खेळाडू राखून ठेवता आल्या, उरलेल्यांतून प्रत्येक संघाची जास्तीत जास्त एक घेता येत होती. व्हॅल्किरीजनी ११ घेतल्या, सिएटलची एकही घेतली नाही. दुसऱ्यांनी न राखलेल्या या खेळाडूंच्या बळावर ते पहिल्याच हंगामात बाद फेरीत पोहोचले. याआधी कोणत्याही नव्या संघाला ते जमलं नव्हतं.

संघ बंद पडला तर त्याच्या खेळाडू उरलेल्या संघांत क्रमाने वाटल्या जातात. चार विजेतेपदांच्या ह्यूस्टनवरही २००८ च्या अखेरीस ही वेळ आली.

भारतीय मुलीला संधी आहे का?

नियमांत आडकाठी काहीच नाही. केरळच्या गीतू अ‍ॅना जोसला २०११ मध्ये शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनियो या तीन संघांनी चाचणीला बोलावलं होतं. करार झाला नाही, पण तिथवर जाणं हेच तेव्हा मोठं होतं. भारतात राहून खेळणाऱ्या मुलीला वीस वर्षांची अट लागू होते. अमेरिकन कॉलेजात शिष्यवृत्तीवर गेली तर बावीसची. दुसरी वाट लांबची असली तरी मला तीच खरी वाटते, कारण निवडणाऱ्यांच्या नजरेसमोर चार वर्षं खेळायला मिळतं. बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाकडून अशीच खेळली.

पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, ती इथल्याच मैदानांवर घडून. तिच्यासारखी सोळाव्या-सतराव्या वर्षी अमेरिकेतल्या प्रशिक्षकांच्या नजरेस पडावी, असं वाटत असेल तर सामन्यांचं चांगलं चित्रीकरण, इंग्रजी आणि बारावीचे गुण या तिन्हीकडे घरच्यांनी दहावीपासूनच लक्ष द्यायला हवं. कॉलेजचे प्रशिक्षक आधी व्हिडिओ मागतात आणि लगेच गुणपत्रिका.

ड्राफ्ट कधी असतो, आपल्याकडे किती वाजता?

एप्रिलच्या मध्यात. न्यूयॉर्कच्या वेळेनुसार संध्याकाळी साडेसातला सुरू झाला की आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे पाच वाजलेले असतात. २०२४ चा ब्रुकलिनमध्ये, २०२५ चा मॅनहॅटनमध्ये झाला. उठणार असाल तर पहिली दहा नावं ऐकून टीव्ही बंद करू नका. मेसमनचं नाव एकोणिसावं होतं.